धुईतली हाळी

त्या दिवशी सकाळी कोहरा, इथलं दाट धुकं, घरात आला होता. दुधाचं पातेलं उतरवून मी बैठकीत आले, तर सोफ्याचे पाय दिसेनात. आधी वाटलं ब्लोअर जळला असेल, कारण तो जळावा अशी माझी दोन वर्षांपासून इच्छा होती. मग दंडावरच्या लवेवर ओल बसली तेव्हा कळलं, की हा धूर नाही आणि पुढचं दार सताड उघडं आहे. दाराबाहेर आमची तुळस नव्हती, फाटक नव्हतं, समोरचं सक्सेनांचं घर नव्हतं. महानगर नावाची अख्खी कॉलनी कुणीतरी पाटीवरून पुसावी तशी पुसली होती. आईच्या खोलीत रजाईची नीट घडी होती आणि चपला पलंगाखाली होत्या. मला आठवतं, मी भीतीच्या आधी वैतागले. दार लावायचं एवढंही कळू नये, असा विचार आला. हिमानीला उठवलं. ती रजाईतूनच म्हणाली, "बाथरूम में होंगी, मम्मी." आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं, जणू वाटेत कुठेतरी गाडी बदलते. बाथरूम उघडंच होतं. हिमानीचं टोपीचं जांभळं जाकीट मात्र खुंटीवर नव्हतं. म्हणजे माझी ऐंशीच्या घरातली आई, नऊवारीवर जांभळं जाकीट घालून, अनवाणी, डोळ्यांच्या नव्या ऑपरेशनसकट, लखनौच्या जानेवारीत बाहेर पडली होती.

हे घरी नव्हते. कोहरा पडला की ह्यांचा पत्ता रुळांवर. सिग्नल दिसत नाही म्हणून त्याच्या अलीकडे रुळावर पटाखे बांधतात, चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळतं पुढे सिग्नल आहे, सांभाळ. ते बांधणारी माणसं जागी आहेत की शेकोटीपाशी पेंगताहेत हे बघत ह्यांनी हिवाळेच्या हिवाळे काढले. लग्नानंतर भुसावळ, मग झाशी, मग इथे. मी ह्यांच्या मागून उतरत उतरत सपाटीवर आले. उतरत म्हणते कारण माझं माहेर सड्यावर. पाटणच्या वर, घाटमाथ्यावर, जिथं डोंगर चढून संपतो आणि झाड संपतं आणि नुसती काळी उघडी कातळजमीन पसरत जाते, तो आमचा सडा. इथे कुणाला सांगितलं की मी हिल एरियातली आहे, तर म्हणतात, अच्छा, मतलब नैनीताल जैसा? मी हो म्हणते. नैनीतालला तळं आहे, मॉल रोड आहे, आइस्क्रीम आहे. आमच्याकडे वारा होता. पावसाळ्यात घराच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या, नाहीतर पाऊस आडवा येऊन चुलीत बसायचा. छप्पर एवढं खाली, की पाहुणा घरात वाकूनच यायचा, कितीही मोठा असो. मला वाटतं आमच्या लोकांना नम्र माणसं आवडत त्याचं कारण एवढंच. आषाढात कातळावर शेवाळ, श्रावण सरता सरता अचानक एका सकाळी फुलं, जांभळी, पिवळी, पांढरी, इतकी बारीक की बसल्याशिवाय दिसायची नाहीत, आणि बसायला वेळ कुणाला होता. आता ती बघायला शहरातून गाड्या येतात म्हणे. कार्तिकात सगळं गवत सिंहाच्या रंगाचं व्हायचं आणि फाल्गुनात ते पेटायचं. नाचणी, वरी, म्हशी. हेच. मी सांगते तेव्हा सुंदर वाटतं, हे मला माहीत आहे. तिथे असताना मला एकच गोष्ट सुंदर वाटायची, ती म्हणजे खाली जाणारी वाट.

हिमानी स्कूटी काढून कपूरथला बाजाराकडे गेली. मी कॉलनीच्या गल्ल्यांत. सक्सेना आंटी गाऊनवर शाल ओढून बाहेर आल्या, त्यांच्या मागून त्यांचे मिस्टर मोठा टॉर्च घेऊन, आणि तो टॉर्च कोहऱ्यात एक पांढरी भिंत उभी करून त्यांनाच दाखवत होता. आंटी फार चांगल्या. "घबराइए नहीं, वासंती जी, बुज़ुर्ग हैं, मंदिर की तरफ़ निकल गई होंगी," असं त्या म्हणाल्या आणि मग माझ्या अगदी जवळ येऊन विचारलं, की दिमाग तर ठीक आहे ना त्यांचं. आई वेडी झालेली नव्हती. ती गणपती झाल्यावर मोतीबिंदूसाठी आमच्याकडे आली तेव्हापासून फक्त गप्प होती. पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेला बसायची, पाठ न टेकता, आत्ता कुणीतरी चला म्हणेल अशी. रात्री तर झोपायचीच नाही. मी पाण्याला उठले की अंधारात तिची बसलेली आकृती दिसायची. मी म्हणायचे, आई, पड की. ती म्हणायची, पडते. मला वाटायचं थंडी बाधते, जागा नवी आहे, डोळा ठणकत असेल. डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या, त्या तिने तुळशीत पुरल्या, तुळस आठवडाभर छान झोपली.

खरं कारण मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू. मला माहीत असलेल्या आणि तिला माहीत नसलेल्या गोष्टीला मी रोज वळसा घालून जात होते, इतकंच. आई इथे आली आणि महिनाभरात आमची वाडी उठली. जंगलखात्याचं अभयारण्य, वाघ यायचे आहेत म्हणून माणसांनी जायचं, हे कितीतरी वर्षं चाललं होतं, कुणी मनावर घेत नव्हतं; आणि मग एकदम घेतलं. सगळी घरं खाली कालव्याच्या काठाला नेली. माधवने, माझ्या धाकट्या भावाने, म्हशी विकल्या, कारण कालव्याकाठी चरायला काय होतं, आणि आता तो पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो. त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा तो रडत नव्हता, उलट घाईत होता. तिथं टॉवरची पूर्ण रेंज आहे, अक्का, असं पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाला, आईला आत्ता नको कळवू, डोळा कच्चा आहे, रडली तर जाईल. डोळा पक्का झाला तरी आम्ही सांगितलं नाही. तू सांग, तू थोरली. तू सांग, तू तिच्याजवळ राहिलेला. असं आम्ही एकमेकांच्या पदरात टाकत राहिलो, आणि दर रविवारी त्याचा फोन यायचा, मी तो आईच्या कानाला लावायचे, आणि ती विचारायची, चूल पेटती का रं. पत्र्याच्या खोलीत गॅसच्या शेगडीशेजारी उभा राहून माधव म्हणायचा, व्हय. मग ती एकेका म्हशीचं नाव घेऊन चौकशी करायची आणि तो विकलेल्या म्हशींची खुशाली सांगायचा. दिवाळीच्या सुमारास त्याला एवढी सवय झाली की त्याने त्यातल्या एकीला पारडी झाल्याचं सांगून टाकलं. मी फोन परत घेतला आणि गच्चीवर जाऊन त्याला म्हटलं, अरे काय हे, आता तिला त्या पारडीचं बारसं करायचंय. तो म्हणाला, अक्का, बोलता बोलता मलाच खरं वाटाय लागलं.

मी चालत होते आणि ओरडत होते, आई, आई. ओरडताना माझा आवाज मला परका वाटत होता. शहरात इतकी वर्षं मी कुणाला मोठ्याने हाक मारलेली नव्हती. सब्जीवाल्याला मारते ती हाक नव्हे, ती तक्रार असते. कोहऱ्याचा वास जळलेल्या टायरचा, ओल्या कोळशाचा, कुठेतरी तळलेल्या कचौडीचा. सड्यावरच्या धुकटीला आम्ही धुई म्हणायचो, आणि तिचा वास वेगळा, ओल्या कातळाचा, शेणाचा, घोंगडीचा. पण डोळ्यांना दोन्ही सारखीच. डिसेंबरात पहिल्यांदा इथे कोहरा उतरला तेव्हा आई खिडकीशी उभी राहिली होती. धुई आली गं, असं म्हणाली, आणि चेहरा असा झाला जणू गावाकडचं कुणी भेटायला आलंय. त्या दिवशी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, तुमचा तो कोहरा एवढा वाईट नाही हो, आमच्या आईला मानवला. हे म्हणाले होते, त्यांना सांग, ट्रेन अकरा तास लेट आहेत त्यांच्या आनंदामुळे.

तेवढ्यात डावीकडून सक्सेना साहेबांची हाक आली, माताजी, आणि पाठोपाठ उजवीकडून चौकीदाराची, अम्माजी, आणि लांब हिमानीची, नानी, नानी, फिरत्या स्कूटीवरून, म्हणजे आत्ता इथे आणि लगेच तिथे. आणि मध्ये मी. मी थांबले. सायकल रिक्षाची घंटी माझ्या अंगावर येऊन कडेने निघून गेली, रिक्षा काही दिसली नाही. मला एकदम हसू आल्यासारखं झालं. कारण ती अशा हाकांना ओ देणार नव्हती. तिने इथेच, हाताच्या अंतरावर बसून त्या सगळ्या ऐकल्या असत्या, आणि ओ दिली नसती.

सड्यावर धुईत माणूस हरवला तर त्याला नावाने हाक मारत नाहीत. धुईत नावाने कोण बोलावतं ते सांगता येत नाही, असं म्हातारी माणसं म्हणायची, आणि आम्ही पोरं घाबरायचो. पण त्यामागे साधा हिशेब होता. कडा कुठेही असायचा. चार पावलं पुढे सडा संपून नुसती हवा. शोधणारे फिरत फिरत हाका मारू लागले, तर हरवलेला माणूस आवाजाच्या रोखाने चालणार, आवाज सरकणार, आणि तो सरळ कड्यावरून जाणार. म्हणून नियम असा, की हरवलेल्याने वाऱ्याकडे पाठ करून आहे तिथे खाली बसायचं आणि बसूनच राहायचं. आणि घरच्याने घर सोडायचं नाही. उंबऱ्यावर उभं राहायचं आणि हाळी घालायची. प्रत्येक घराची हाळी निराळी, शब्द नसलेली, नुसता आवाज. आमची म्हणजे दोन तुटक आखूड सूर आणि मग एक लांबलचक, शेवटाला खाली पडणारा. हरवलेल्याने तेवढं शेवटचं शेपूट परत द्यायचं, उठायचं, आणि त्या एका जागच्या आवाजाला धरून घरी यायचं. माझे वडील असे कितीदा आले. मी उंबऱ्यावर आईच्या लुगड्याला धरून उभी असायचे आणि आधी आवाज यायचा, मग घोंगडीचा वास, मग माणूस.

म्हणजे मला काय करायला हवं हे कळलं, आणि घराकडे परत फिरताना, भिंतीला हात लावत, फाटकं मोजल्यासारखी चाचपत, मला त्याचं दुसरं टोकही दिसलं. हाळी चुलीची असते. चूल जिथे पेटते त्या उंबऱ्यावरूनच ती घालायची. दुसऱ्या कुठल्या जागेवरून ती घातली तर धुईतला माणूस दोन दिशांना ओढला जाईल, म्हणून ते पापाहून वाईट मानत. भाऊ वेगळे झाले की धाकट्याने आपली नवी हाळी बांधायची. मुलगी लग्न होऊन गेली की माहेरची हाळी तिच्या तोंडून गेली. मी माहेरपणाला आलेली असताना एकदा घसा खाकरून गंमत म्हणून सुरू केली होती, तर आईने पोळीच्या उलथन्याने माझ्या पाठीत घातलं होतं. ते दुखलं नाही, पण मी परकी झाले हे त्या दिवशी कळलं. हाळी एकाच प्रसंगी जागा बदलते. चूल विझली, घर उठलं, की मग उरलेल्यांपैकी जो कुणी असेल त्याने, असेल तिथून ती घालायची, सासरी गेलेल्या मुलीनेही.

आमच्या घराला उंबरा नाही. बिल्डरने तिथे संगमरवराची एक पट्टी बसवली आहे आणि तिच्यावर मी पायपुसणं टाकलं आहे, त्यावर वेलकम लिहिलेलं आहे. मी त्यावर उभी राहिले. हिमानी परत आली होती, तिचे केस ओले होते आणि ती आता रडायच्या बेतात होती. नानी कहीं नहीं हैं मम्मी, पुलिस को फ़ोन करें, पापा को करें. मी तिला गप्प राहायला सांगितलं. सक्सेना आंटीही फाटकाशी आल्या. त्यांच्यासमोर तोंड उघडायची मला लाज वाटली, हे खरं आहे. इथे आम्ही रेल्वेवाले, महाराष्ट्रियन, शांत लोक, ज्यांच्याकडून हळदीकुंकवाला तिळगूळ येतो. पण लाज ही त्यातली छोटी गोष्ट होती. मोठी गोष्ट अशी, की मी आता तोंड उघडलं तर आईला शोधण्याच्या त्याच आवाजात मी तिला सांगणार होते. तिला एक शब्दही समजावून सांगावा लागणार नव्हता. हाळी इथून आली, म्हणजे तिकडची चूल गेली. आमच्या सड्यावरचं कुणीही पोर हे ओळखेल. कच्चा डोळा, तब्येत, नंतर बघू, संक्रांत होऊ दे, ऊन पडू दे, असं आम्ही जे सगळं रचून ठेवलं होतं, ते एका श्वासात जाणार होतं, आणि तेही ती कुठेतरी गारठ्यात एकटी बसलेली असताना. निदान सांगताना मी तिचा हात धरलेला असेल, असं मी मनात ठरवलं होतं. पोलीस शोधतील, असंही मनात आलं. कोहरा दुपारी विरतो, ती दिसेलच कुणाला तरी. दुपारपर्यंत ती बसून राहील, कारण तिला बसायचंच माहीत आहे. पायांत काही नाही. मी ह्या सगळ्याचा विचार करत उभी होते आणि मला इतका थकवा आला, की वाटलं पायपुसण्यावरच बसावं. इतक्या महिन्यांचं ते वळसे घालणं, दर रविवारी, फोन कानाला लावून, त्या मेल्या पारडीचं दात येणं. खोटं बोलायला माणूस तरतरीत लागतो. आम्ही दोघं बहीणभाऊ त्या जातीचे नव्हेत.

मी हाळी घातली. पहिल्यांदा नुसता खोकला निघाला. हिमानीने माझ्याकडे असं पाहिलं जणू आता आजी आणि आई दोघी गेल्या. दुसऱ्यांदा सूर आला, पण तो मधेच तुटला, कारण तो छातीतून काढायचा असतो आणि मी तो गळ्यातून काढत होते, ज्या ठिकाणाहून शहरात सगळं काढतात. मग मी कमरेवर हात ठेवले, आईसारखे, आणि तोंड वर केलं, आणि दोन आखूड, एक लांब. शेवटचा सूर हवा तसा खाली उतरला. आवाज माझा नव्हताच. तिचाही नव्हता. कुणाच्या तरी आधीच्या बाईचा असेल, जी कधीच कुणाला दिसली नाही. सक्सेनांचा कुत्रा भुंकायचा थांबला. आंटींच्या मिस्टरांनी टॉर्च बंद केला, का ते माहीत नाही. काही नाही. मी पुन्हा घातली, आणि पुन्हा. पायांना गारठा चढत होता पण जागा सोडायची नाही, एवढं एक मला येत होतं.

आणि मग समोरून, वीस पावलांवरही नसेल, कॉलनीच्या पार्काच्या भिंतीकडून, एक खाली पडणारा सूर आला. अगदी बारीक. चुकला तर ऐकूच येऊ नये इतका. हिमानी पळणार होती, मी तिचं मनगट धरलं. जाऊ नकोस, ती येईल. नानी को कोई ले आए, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ती स्वतः येते, तसंच असतं. पुन्हा हाळी, पुन्हा शेपूट, आता जवळ. आधी जांभळा रंग आला, मग जाकीट, मग त्याच्या टोपीखाली आईचा चेहरा. लुगड्याचा मागचा भाग ओल्या मातीने भरला होता, म्हणजे भिंतीला पाठ देऊन, वाऱ्याची दिशा बघून, ती रीतसर बसली होती. रस्ता ओलांडताना तिने डावीउजवीकडे काही पाहिलं नाही. आली ती सरळ, माझ्यावर नजर ठेवून, फाटकातून, आणि पायपुसण्याच्या अलीकडे थांबली.

आंटी माताजी माताजी करत पुढे आल्या होत्या, त्यांना तिने हातानेच थांब म्हटलं. तिला उशीर कसा झाला ते तिने आधी सांगितलं, कुणीही विचारलं नसताना. धुई बघायला म्हणून जरा बाहेर पडली, मागं वळून बघितलं तर सगळीच फाटकं सारखी. म्हणून बसली. हाका येत होत्या, पण चहूबाजूंनी. हे सगळं ती कामाचं बोलल्यासारखं बोलली. तिचे ओठ निळसर झाले होते. मी तिचे हात माझ्या हातांत घेतले, जसं ठरवलं होतं तसं, फक्त सांगायचं सांगून झाल्यावर.

"चूल कवा इझली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "दसऱ्याच्या आधी."

"माधव?"

"खाली आहे. कालव्याला. पत्र्याची खोली आहे. बरा आहे तो, आई."

ती मान हलवत राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर रडं शोधत होते, आणि तयार होते. इतके महिने ज्याची भीती धरली होती ते आता समोर येणार आणि मी ते उचलणार, अशी छाती घट्ट करून उभी होते. तिने फक्त माझा हात सोडवला आणि दाराच्या चौकटीला धरलं, उभं राहण्यासाठी.

"मला वाटतच हुतं," ती म्हणाली. "ती म्हस म्हातारी झालीया, तिला कुठली पारडी हुतीया. पर वाटलं, एखाद्या बारीला खरंच आसंल. माधव एकटाच आसंल वर. बाईमाणूस न्हाय, उंबऱ्यावर कोण उभं ऱ्हाणार. त्यो धुईत गेला तर." मग माझ्याकडे बघून अगदी हळू, रागही न लावता, विचारल्यासारखं म्हणाली, "मंग येवढं दिस मला जागं कशाला ठिवलंसा?"

तिला उत्तर नको होतं. ती पायपुसण्यावर पाय पुसून आत गेली. मी गरम पाणी आणलं, तिचे पाय धुतले, तळव्यांना तेल चोळलं, हिमानीने चहात आलं घातलं आणि साखर विसरली. आईने चहा घेतला नाही. जाकीटसुद्धा काढलं नाही. रजाई अंगावर ओढून भिंतीकडे तोंड केलं, आणि मी तेलाचे हात पुसून येते तोवर तिचा श्वास लांब झाला होता. मी दाराशी उभी राहिले. तिला झोपलेली मी किती वर्षांनी बघत होते, कदाचित कधीच बघितली नव्हती. लहानपणी मी झोपायचे तेव्हा ती जागी असायची आणि उठायचे तेव्हा उठलेली. झोपेत तिचं तोंड थोडं उघडं राहतं. तिच्या कपाळावरच्या रेषा ज्या मी कातळासारख्या कायमच्या समजत होते, त्यातल्या अर्ध्या गेल्या होत्या.

सक्सेना आंटी मक्खन मलाईचा द्रोण घेऊन चौकशीला आल्या, माताजींना बरं वाटेल म्हणून. तो आवाज काय होता, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर होतं. त्यांनी विचारलं नाही, ती त्यांची लखनवी सभ्यता. मी द्रोण घेतला, फ्रीजमध्ये ठेवला आणि विसरले. माधवला फोन करायचा होता. त्याला काय सांगायचं ते शोधत मी डाळ निवडत बसले आणि एकदा निवडलेलीच डाळ पुन्हा निवडली. बाहेर कोहऱ्याच्या मागे सूर्य आहे अशी एक पिवळट शंका आली होती. फाटक दिसू लागलं. समोरचं घर दिसू लागलं, आणि त्याच्यावरचं पाण्याच्या टाकीचं काळं डोकं. सगळं जिथल्या तिथे होतं आणि मला ते बघायचा कंटाळा आला होता.

दुपारी ह्यांचा फोन आला. हिमानीने सकाळी घाबरून त्यांना मेसेज टाकला होता, तो त्यांना आत्ता मिळाला. मागे माणसं बोलत होती, कुठलीतरी गाडी सुटत होती, आणि ते गाडीवरून ओरडावं तसं ओरडत होते. सापडल्या का म्हणाले. मी म्हटलं, हो, घरीच आहे. लागलं-बिगलं? नाही. इतक्या वर्षांत ह्यांना एक गोष्ट कळायला लागली आहे, की मी लहान उत्तरं देते तेव्हा काहीतरी झालेलं असतं.

"सांगितलंस त्यांना?"

"हो."

"अरे बाप रे. मग? काय करतायत?"

मी खोलीत डोकावून पाहिलं. जांभळी टोपी रजाईच्या बाहेर तेवढी दिसत होती.

"अहो, हळू बोला," मी म्हटलं. "झोपलीय."